ड्राय संप पहिल्यांदा बसवतोयस?

भावा, धाडस चांगलं केलंस. ड्राय संप म्हणजे तेल इंजिनाखाली न साठवता पंपाने ओढून वेगळ्या टाकीत ठेवायचं. लांब वळणात तेल एका बाजूला सरून पिकअप (तेल ओढणारं तोंड) उघडा पडतो, त्यावर हाच खात्रीचा इलाज. पाच स्टेज (पंपाचे कप्पे), इंजिनात व्हॅक्यूम करणं यांत आत्ता पडू नको. तीन स्टेजचा पंप घे: दोन तेल ओढणारे, एक दाब देणारा.

सगळ्यात जास्त जीव पाइपांत घाल. टाकीतून पंपाकडे येणारा पाइप जाड नि आखूड हवा, काटकोनी वळण नको. कापल्यावर आतून धुऊन, हवा मारून, उजेडात धरून बघ. माझ्या पहिल्या इंजिनात पाइपावरच्या जाळीच्या तारेचा नखाएवढा तुकडा राहिला. पंपाचे गिअर अडकले, बेल्ट तुटला.

- पंपाचा ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेत नीट मशीनिंग करून घे. पुल्या एका रेषेत हव्यातच.
- पहिल्या स्टार्टआधी बेल्ट उतरवून ड्रिलने पंप योग्य दिशेने फिरव, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत.
- तेलाची लेव्हल इंजिन गरम, आयडलवर चालू असताना टाकीत बघ. बंद इंजिनात तेल खाली उतरतं, टाकी रिकामी वाटते, नवखे अजून ओततात आणि ब्रीदरमधून (हवा सोडणाऱ्या नळीतून) तेल उसळतं.

पाइप कापलास की फोटो टाक, बघतो.