पत्रातला तो 'असो'

कुडाळहून एक पत्र आलंय, नाव देत नाही, तिनेच नको म्हटलंय. थोडक्यात मजकूर असा:

"मावशी, लग्नाला सात वर्षं झाली. मी पतपेढीत कामाला, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. त्याला ऑफरोडिंगचं, म्हणजे रस्ता सोडून चिखलात-जंगलात गाडी घालायचं, वेड आहे. २०१२ची सेकंडहॅन्ड थार घेतली, मग विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), स्नॉर्कल (पाण्यात इंजिनला हवा देणारी नळी), मड टायर करत करत साडेसहा लाख घातले, माझ्याकडे पावत्या आहेत. पावसाळ्यात दर रविवारी हा चिखलात. गेल्या महिन्यात एका इव्हेंटला गाडी व्हाळात (ओढ्यात) आडवी केली, ४५ हजार गेले. आता म्हणतो दुकान भावाकडे देतो आणि यातच करिअर करतो, ट्रेनिंग देईन, चॅनेल काढीन. मुलगा चार वर्षांचा, सासूबाई सांभाळतात पण टोमणे मलाच, की तुला नवरा आवरता येत नाही. आधी मीच शेजारी बसायचे, लहानपणी सुट्टीत बाबांच्या चिऱ्याच्या ट्रकवर क्लीनरसारखी फिरलेय त्यामुळे चाक कुठे घालायचं ते मला कळतं, असो. आता त्याचा मित्र बसतो. याला समजावू कसं?"

बाय माझे, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तुझ्या नवऱ्याचा राग आला, साडेसहा लाख म्हणजे काय गंमत आहे का, चार वर्षांचं पोर घरात आहे वगैरे वगैरे, उत्तर मनात तयारच झालं होतं. दुसऱ्यांदा वाचताना त्या 'असो'ला ठेच लागली आणि तिथेच थांबले.

बघ ना, दीड पानाचं पत्र. त्यात विंच कितीला पडली ते आहे, टायर कितीला पडले ते आहे, सासूबाई कुठल्या दिवशी काय बोलल्या ते तारखेसकट आहे (ते मी वर छापलं नाही, तुझ्याच भल्यासाठी). आणि ताजा कलम सोडला तर तुझ्याविषयी फक्त एक वाक्य, तेही धावत लिहिलेलं, त्याच्यापुढे 'असो'. म्हणजे दार लोटून घेतलंस पण कडी काय लावली नाहीस. मी आपली ढकलून आत आले.

चिऱ्याचा ट्रक म्हणजे काय ते वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायचं नाही म्हणून सांगते. चिरा म्हणजे घरबांधणीचा जांभा दगड. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चिरेखाण असते, जमिनीत चौकोनी कापलेला मोठा खड्डा, लाल भिंतींचा. ट्रकला खाली उतरायला जो रस्ता असतो त्याला रस्ता म्हणणं म्हणजे उपकारच, कालच्या ट्रकची चाकोरी तोच आजचा रस्ता. भरलेला ट्रक तिथून मागे घ्यायचा म्हणजे ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, आरशात एक माणूस दिसतो तेवढाच. तो माणूस म्हणजे क्लीनर. येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, येऊ दे... बस्स. आणि फळीवर हाताची थाप, एक मारली की थांब, दोन मारल्या की चल. तो अर्धा सेकंद चुकला तर मागचं चाक खाणीत. तुझे बाबा फ्रॉकातल्या पोरीच्या हातवाऱ्यावर तो ट्रक मागे घेत होते. आणि तू लिहितेस, असो!

आमच्या लहानपणी आमच्या बाजूला वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, एक कमांडर जीप होती. पावसात व्हाळावरचा कॉजवे बुडाला की सगळ्या गाड्या अलीकडे उभ्या, ही एकटी पलीकडे जायची. ड्रायव्हरचं नाव पंचक्रोशीत, लोक त्याला चहा पाजायचे. पण मी खिडकीतून काय बघायचे माहितीय? आधी त्याचा क्लीनर उतरायचा, अर्धी चड्डी, हातात काठी, आणि पाण्यात शिरायचा. पाणी जिथे खळखळतं तिथे दगड वर आहेत म्हणजे उथळ, जिथे पाणी गप्प आहे तिथे कोंड, म्हणजे खोल डोह, असणार, हे त्याला पायाने कळायचं. गुडघ्याच्या वर पाणी गेलं की काठी आडवी धरायचा, म्हणजे आज नाही. त्यावर ड्रायव्हरने कधी वाद घातलेला मला आठवत नाही. त्या ड्रायव्हरचं नाव मला आजही पाठ आहे आणि त्या पोराचं नाव काय होतं ते कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही, ह्याची आता तुझं पत्र वाचताना लाज वाटली.

आता तुझा नवरा ज्याला खेळ म्हणतो तो वेगळा काय आहे गो? मी माहिती काढली, माझा भाचा यातला आहे, त्याचं डोकं खाल्लं दोन दिवस. गोव्यात २०१४ला ते रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झालं, मूळ मलेशियातलं, भर पावसात, जंगलात. तिथे गाडीत दोघं असतात आणि भाचा म्हणतो ड्रायव्हर निदान सीटवर तरी बसलेला असतो, धावतो तो को-ड्रायव्हर. उतरायचं, चिखलातून विंचचा दोर घेऊन वर चढायचं, झाड बघायचं, ते वजन धरेल का कळलं पाहिजे, झाडाला आधी रुंद पट्टा बांधायचा म्हणजे साल कापली जात नाही, पट्ट्यात शॅकल (जाड लोखंडी कडी), शॅकलमध्ये हुक, दोरावर जाड काहीतरी टाकायचं म्हणजे तुटला तर उडून कुणाच्या अंगावर येत नाही, मग बाजूला होऊन हात वर. त्याचा हात वर गेल्याशिवाय ड्रायव्हरने बटन दाबायचं नाही. हे सगळं ऐकल्यावर मी भाच्याला म्हटलं, अरे हा तर क्लीनर. तो म्हणाला मावशी, असं बोलू नको, को-ड्रायव्हर म्हण. म्हटलं बरं.

डकार रॅली, ती वाळवंटातली लांबलचक मोटारशर्यत, माहिती असेलच तुला, घरात दिवसभर तेच चालत असणार. कार्लोस साइन्झ ती चार वेळा जिंकला, २०१०, २०१८, २०२० आणि २०२४, शेवटची जिंकला तेव्हा वय ६१. चारही वेळा शेजारी एकच माणूस, लुकास क्रूझ. नवऱ्याला आज जेवताना सहज विचार लुकास क्रूझ कोण, बघ काय सांगतो.

आता तुझ्या ४५ हजारांकडे येते. तू हे पैसे 'नवऱ्याचं वेड' या खात्यावर टाकलेस. पतपेढीत काम करतेस ना, मग नोंद नीट बघ. गाडी आडवी झाली त्या दिवशी शेजारी कोण होतं? मित्र. तू शेवटी लिहिलंयस, ताजा कलममध्ये, की तो मित्र पाण्यात उतरलाच नाही, खिडकीतूनच चल चल म्हणाला, आणि 'मी असते तर डावं चाक दगडावर चढवायला लावलं असतं, दगड मधे घेतला म्हणून डिफरन्शियल (चाकांच्या मधे खाली असतो तो गोळा) अडकलं आणि मग जोर दिल्यावर गाडी कलंडली.' हे तू फोटो बघून सांगतेस! घरात बसून, फोनवर आलेल्या फोटोवरून! मी हे भाच्याला वाचून दाखवलं तर तो दोन मिनिटं बोललाच नाही, मग म्हणाला ह्या कुठे असतात. म्हणजे ४५ हजार वेडापायी गेलेच नाहीत, तू जागेवर नव्हतीस म्हणून गेले.

आणि का नव्हतीस? इथे मी तुझी बाजू घेणार नाही, रागावलीस तरी चालेल. पोटात पोर होतं तेव्हा उतरलीस, योग्यच केलंस, त्या हादऱ्यात कोण बसेल. पण पोरगा आता चार वर्षांचा झालाय. तुला गाडीतून कुणी उतरवलं नव्हतं, तू उतरलीस आणि मग दारात उभी राहिलीस की आता हा हाक मारेल. त्याने मारली नाही, कारण पुरुषांना सीट रिकामी दिसली की ते मित्राला फोन करतात, एवढंच असतं, त्यात फार खोल काही शोधू नकोस. तू पण तोंडाने एकदाही म्हटलं नाहीस की मला यायचंय. त्याऐवजी पावत्या जमवायला लागलीस. चार वर्षांच्या पावत्या! फाईलमध्ये! अगो, जिला विंचचा खरंच राग असतो ती किंमत लक्षात ठेवते, तू तर विंच किती पाउंड वजन ओढते ते पण लिहिलंयस आणि ही गाडीला कमी पडते असंही. रागावलेली बायको असं लिहीत नाही. हेवा वाटणारी लिहिते.

मिशेल मूतोंची गोष्ट सांगते, फ्रान्सची रॅली ड्रायव्हर, फुलांच्या शेतीवाल्या घरातली पोर, चौदाव्या वर्षी बापाची गाडी चालवायची. १९७०च्या दशकात एका मित्राच्या शेजारी को-ड्रायव्हर म्हणून बसायला लागली. बापाने हे काही दिवस बघितलं आणि तिला म्हणाला की हेच करायचं असेल तर शेजारी बसू नको, स्वतः चालव, गाडी मी घेऊन देतो, एक वर्ष देतो, दाखव करून. घेऊन दिली. पुढे १९८१ला इटलीत सॅनरेमोला ती वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली रॅली जिंकली, तोवर कुठल्या बाईने जिंकली नव्हती, आणि १९८२ला अख्ख्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दुसरी आली. गाडी ऑडी क्वाट्रो आणि शेजारी को-ड्रायव्हर फॅब्रिझिया पोन्स, ती पण बाईच. आपल्याकडेही बेंगळुरूची ऐश्वर्या पिसे आहे, बाईकवाली, २०१९ला बाहांचा (बाहा म्हणजे वाळवंटातली, खडबडीत वाटेवरची रॅली) महिलांचा वर्ल्ड कप घेऊन आली.

मी तुला मूतों हो म्हणत नाहीये, पतपेढी सोड असंही म्हणत नाहीये. मला त्या गोष्टीत त्या बापाचं बोलणं आवडतं. कारण तू ताजा कलममध्ये ते पण अर्धंच सांगितलंस, की बाबा शेवटच्या दिवसांत म्हणायचे 'ट्रक तुझ्याच हातात द्यायला हवा होता'. दिला नाही त्यांनी, का ते मला माहीत नाही, तेव्हा पोरींना कुणी ट्रक देत नव्हतं. पण थार तर दारात उभी आहे!

तर एकच काम सांगते, तेवढं कर. पुढचा जो इव्हेंट असेल त्याची एन्ट्री तू भरायची. ड्रायव्हरच्या रकान्यात तुझं नाव, को-ड्रायव्हरच्या रकान्यात नवऱ्याचं. उलटं नाही. तू परत शेजारी बसलीस तर पुन्हा दोन वर्षांनी मला असंच पत्र लिहिशील. मोठ्या अधिकृत स्पर्धेला एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटारशर्यतींच्या संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन लागतं, ते पण स्वतःच्या नावाने काढ, 'अमक्याची मिसेस' म्हणून नको. त्याआधी चार रविवार सड्यावर जाऊन लो रेंजमध्ये (वेग कमी, ताकद जास्त असा गियर) हळू चालवायची सवय कर, हळू म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आणि त्याला पुढे चालायला लाव. उतरू दे त्याला. चप्पल रुतेल, पायाला जळू चिकटेल, चिखलात बसेल, बसू दे. तेव्हा त्याला कळेल इतकी वर्षं शेजारी कोण होतं ते.

करिअरचं म्हणशील तर दुकान भावाला द्यायचा विषय सध्या घरात निघूच देऊ नकोस. या धंद्यात नुसती गाडी चालवून पोट भरणारे फार थोडे, बाकीचे गॅरेजवर नाहीतर टूरवर नाहीतर सामान विकून जगतात आणि तुमचं तर हार्डवेअरचं दुकान आहे, शॅकल आणि दोर तिथेच टांग की. आणि ते चॅनेल काढायचंच असेल तर पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, गाडी घालून रीळ काढायचं नाही हे माझ्या नावाने सांग. वायंगणीच्या वाळूत कासवं अंडी घालतात, वर काय चालवताय कळत नाही तुम्हाला. आमचे हे पण एकदा हौशीने पुळणीत गाडी घालून बसले होते, उधाणाचे दिवस, पाणी बघता बघता चाकाला लागलं, शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली आणि ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, नुसतं यांच्याकडे बघितलं. त्याचं यांना जास्त लागलं.

सासूबाई बोलतात? बोलू देत. बोलता बोलता पोराला मऊभात भरवतायत ना, मग झालं. त्यांना समजावायला जाऊ नकोस, तुझे बूट तेवढे त्यांच्या पायरीवर वाळत घालू नकोस.

फॉर्म भरलास की मला कळव. ब्लड ग्रुपचा रकाना रिकामा सोडू नकोस, आणि खाली इमर्जन्सी कॉन्टॅक्ट विचारतात तिथे सवयीने नवऱ्याचा नंबर टाकशील. तो तर गाडीसमोर चिखलात असणार. सासूबाईंचा टाक.