गाडी किती हात फिरली?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : एका जुन्या मोटारीच्या माहितीफलकासाठी मजकूर लिहिते आहे. तिच्या मालकांबद्दलच्या भागाला ‘मालकीहक्क हस्तांतरणाचा इतिहास’ म्हणू, की ‘मालकांची वंशावळ’? आणि एकाच कुटुंबात ८१ वर्षं राहिलेल्या गाडीला ‘एकहाती’ म्हणता येईल का?

त्यांची गाडी म्हणजे ‘ला मार्कीज’. काउंट द दिआँ, बुताँ आणि त्रेपार्दू या तिघांनी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली वाफेची चारचाकी. काउंटच्या आईच्या पदवीवरून हे नाव पडलं. चार माणसं पाठीला पाठ लावून बसतात. बॉयलर पेटवला की वाफ धरायलाच अर्धा-पाऊण तास जातो. हे सगळं सांभाळून ही गाडी सव्वाशे वर्षांनंतरही चालत होती, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना शब्द नेमके हवेत असं मला मनापासून वाटतं.

‘वंशावळ’ आधी बाजूला ठेवा. वंशावळ रक्ताची असते, आणि ही गाडी बहुतेक वेळा विकत घेतली गेली आहे. ‘मालकीहक्क हस्तांतरणाचा इतिहास’ चुकीचं नाही, पण ती दुय्यम निबंधक कार्यालयातली भाषा झाली. साधं ‘मालकीचा इतिहास’ पुरेसं आहे. मात्र ‘हस्तांतरण’ शब्दात एक गंमत आहे ती बघा. त्यात ‘हस्त’ आहे, म्हणजे हात. जुन्या गाड्यांच्या बाजारात माणूस बॉनेट उघडायच्या आधी विचारतो तेच : “गाडी किती हात फिरलीय?” कायद्याची संस्कृत आणि बाजारातली मराठी, दोघी मालक हातांवरच मोजतात.

आता या गाडीचे हात मोजू. पहिला हात खुद्द काउंटचा, १९०६ पर्यंत. मग ती दोरिओल नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने घेतली आणि त्या घराण्याने ती थेट १९८७ मध्ये विकली. तिसरा हात एका ब्रिटिश हौशी माणसाचा. त्याने ती दुरुस्त केली आणि लंडन ते ब्रायटन या जुन्या गाड्यांच्या फेरीत चालवली. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात टेक्ससचे वकील जॉन ओ’क्विन यांनी ३५.२ लाख डॉलरला घेतली, तो चौथा. ते गेल्यावर २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या लिलावात ४६.२ लाख डॉलरला ती पाचव्या हाती गेली.

दोन लिलाव झाले तरी लिलाव कंपन्या यात मोजायच्या नाहीत. आपल्याकडे जुन्या पावत्यांवर नावाआधी ‘ह.’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘हस्ते’. पैसे ज्याच्या हातून आले तो माणूस, मालक नव्हे. लिलाव कंपनी ‘हस्ते’ असते, ‘हाती’ नसते. एका विभक्तीने मालक आणि मध्यस्थ वेगळे होतात, हे मला फार सुंदर वाटतं.

खरा पेच दोरिओलांच्या ८१ वर्षांचा आहे. ‘एकहाती’ मी लिहिणार नाही. एक तर वर्तमानपत्रांनी तो शब्द ‘एकहाती सत्ता’, ‘एकहाती विजय’ यांच्याशी इतका बांधून टाकला आहे की वाचकाला वाटेल, कोणी एका हाताने गाडी चालवली. जाहिरातीतलं ‘एकहाती वापरलेली’ समजतं, पण तिथे तो हात एका माणसाचा असतो. ८१ वर्षांत पिढ्या बदलतात. वडिलांची गाडी मुलाच्या नावावर झाली तर आरसी बुकवर नाव बदलतं, पण त्याला कोणी विचारलं तर तो म्हणतो, “गाडी घरातच आहे.” म्हणजे आपल्याकडे दोन हिशेब आहेत. नावं कागदावर मोजली जातात, हात घराबाहेर पडल्यावरच मोजला जातो.

सातबाऱ्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो. आमच्या शेताच्या जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या नावाला कंस आहे, बाजूला गोलात फेरफाराचा क्रमांक आणि खाली वडील-काकांची नावं. जमीन घरातच, तरी फेरफार झालाच. म्हणून ‘फेरफार’ शब्द वारसालाही चालतो आणि खरेदीलाही. ‘हात फिरणे’ मात्र वारसाला चालत नाही.

आणखी एक. अशा मजकुरात ‘मालकीचा प्रवास’ हल्ली फार दिसतो. इथे तो टाळाच. ही गाडी १८८७ मध्ये पॅरिसजवळच्या मोटारींच्या शर्यतीत एकटीच उतरली होती. जी स्वतः खरोखर रस्ता कापते, तिच्या बाबतीत ‘प्रवास’ रस्त्यासाठीच राखून ठेवावा.

तर फलकावर मी असं लिहीन : “१८८४ ते २०११ या काळात ही गाडी चार वेळा विकली गेली. १९०६ पासून ८१ वर्षं ती दोरिओलांच्या घरातच होती.”