१३ वर्षांच्या मुलासोबत मानवी हक्कांच्या निधीसाठी पुणे ते महाड सायकलने जाणं जमेल का? आणि त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

जमेल, ताई. मुलगा रोज शाळेत सायकलने जात असेल आणि तुम्ही दोघं काही आठवडे दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत असाल, तर भोरमार्गे वरंधा घाट उतरणं ही फार मोठी गोष्ट नाही. गिअर, पंक्चर, ओआरएस यावर इथे ढीगभर उत्तरं आहेत, ती वाचा.

मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे. ‘घरचे म्हणतात, सायकल चालवून कुणाला हक्क मिळतात? त्यापेक्षा तेवढे पैसे थेट द्या.’ आमच्या घरी हेच वाक्य माझ्या थोरल्या दिरांनी ऐकवलं होतं. एकदा नाही, प्रत्येक सणाला.

मी आणि माझी लेक, ती तेव्हा नववीत, माणगाव ते महाड गेलो होतो. कोकणातलं माणगाव नाही, कोल्हापूरजवळचं, हातकणंगले तालुक्यातलं. तिथे मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि शाहू महाराज स्वतः आले. तिथून साताऱ्याला बाबासाहेबांची शाळा, पुण्यात फुल्यांनी १८६८ मध्ये सगळ्यांना खुला केलेला हौद आणि शेवटी महाडचं चवदार तळं. रस्ता लेकीने ठरवला, पोचायचं २० मार्चला, तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, हेही तिनेच. निधी होता गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या घरच्यांसाठी. त्यांची भरपाईची प्रकरणं लढणारी काही वकील मंडळी आहेत, त्यांच्या संस्थेला.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि अळीमिळी गुपचिळी. आदल्याच महिन्यात कुणीतरी कॅन्सरसाठी मॅरेथॉन धावला तेव्हा याच ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला होता. लोक आजारासाठी देतात, झाडांसाठी देतात, मंदिराच्या कळसासाठी तर विचारूच नका. हक्कासाठी मागितलं की खिशात हात जात नाही, कारण हक्क म्हटला की तो कुणीतरी हिरावलेला असतो आणि तो कुणीतरी आपल्याच ओळखीचा निघतो. आमच्या सोसायटीची टाकी कोण साफ करतं आणि कशी, हे लेकीने ग्रुपवर सरळ विचारलं. सेक्रेटरींनी मला फोन करून ‘मुलीला जरा आवरा’ असं सांगितलं.

एक व्यापारी गृहस्थ मात्र टी-शर्ट आणि बऱ्यापैकी रक्कम द्यायला तयार होते. अट एवढीच की सायकलच्या पाटीवर ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ लिहायचं. भाऊजी म्हणाले, ‘घेऊन टाक वहिनी, पैसा तो पैसा.’ लेक म्हणाली, ‘काका, शहर स्वच्छ करतानाच तर ती माणसं मेली.’ टी-शर्ट आले नाहीत. पाटीवर तिने लिहिलं: ‘गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे.’

पुढे जे घडलं ते त्या पाटीमुळे. खंबाटकीचा बोगदा आणि हायवे टाळायला आम्ही साताऱ्याहून लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड असं आलो. जेजुरीच्या अलीकडे चहाला थांबलो, तर टपरीवरचा एक माणूस पाटी वाचून थेट लेकीशी भांडायलाच आला. मैला उपसणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर होता. ‘पोरी, पाइपाने गाळ निघाला नाही तर कोण उतरणार, तू?’ मी उठायच्या आत लेकीने त्याला बसायला सांगितलं. मग तो बोलतच राहिला. त्याचा हेल्पर एकदा टाकीत उतरला आणि शिडीवरच कोसळला, दोरीने ओढून काढला म्हणून वाचला. आधी सडक्या अंड्यासारखा वास येत होता, मग येईनासा झाला, म्हणून त्याला वाटलं गॅस गेला. लेकीने सांगितलं की गॅस फार वाढला की नाकच बधिर होतं, वास थांबतो तेव्हाच खरा धोका असतो. हे तो माणूस इतकी वर्षं त्या धंद्यात असून त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग त्याने विचारलं, ठेकेदाराचा माणूस मेला तर काही मिळतं का? लेकीने तोंडपाठ सांगितलं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा टाकीत उतरवायला बंदी आहे, ठेकेदार असो की नगरपालिका. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मृत्यूला १० लाखांची भरपाई सांगितली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख. त्याने निधीला एक रुपया दिला नाही, द्यावा असं मला वाटलंही नाही. पाटीचा आणि वकिलांच्या नंबरचा फोटो काढून घेतला, चहाचे पैसे दिले आणि गेला. आता सांगा, घरात बसून मी ऑनलाइन पैसे टाकले असते तर हा माणूस मला कुठे भेटला असता?

भाऊजींचं दुसरं पालुपद म्हणजे ‘कायदा आहे ना, मग ते सरकारचं काम.’ यावर तुमच्या घरच्यांना महाडचाच इतिहास ऐकवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी १९२७ मध्ये हजारो माणसांना चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, त्यांना मार खावा लागला आणि नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं ते वेगळंच. तळ्यावरून कोर्टात दावा लागला, त्याचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल हायकोर्टात पक्का व्हायला १९३७ उजाडलं. ठराव आणि घोटभर पाणी यांच्यात माणसांनी चालावं लागतं, आम्ही पेडल मारलं इतकंच. भाऊजींनी यावर ‘परीक्षा तोंडावर आहे’ असं उत्तर दिलं. आणि ज्या थेट पैशांचा ते उपदेश करतात ते त्यांनी अजून दिलेले नाहीत, ना थेट ना वळसा घालून.

आता तुमच्या कामाचं. पुणे ते महाड साधारण सव्वाशे किलोमीटर, मुलासोबत दोन दिवस करा, मुक्काम भोरला. पुण्यातून जुन्या कात्रज घाटाने निघा, नव्या बोगद्यात सायकल घालू नका. भोरनंतर नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने चढ आहे पण जीवघेणा नाही. त्रास उताराचा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर रिम तापते, मुलाला मध्ये मध्ये थांबायला लावा. मार्चमध्ये जाणार असाल तर पहाटे पाचला निघून अकराच्या आत सावलीत. २० तारखेला महाडात प्रचंड गर्दी असते, सायकली गावाबाहेर ओळखीच्या कुणाकडे ठेवा.

देणग्या स्वतःच्या खात्यावर किंवा फोनवर अजिबात घेऊ नका, संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती संस्थेचीच. लॉज, जेवण, सायकलची दुरुस्ती सगळं तुमच्या पदरचं. या एका बाबतीत भाऊजींची शंका रास्त होती हे मान्य करते, लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

पावसाळ्यात वरंधा विसरा, दरडी कोसळतात आणि रस्ता बंद ठेवतात. मुलाला दमा वगैरे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ही कल्पना मुलाची आहे की तुमची, तेही एकदा बघा. पाटीवर काय लिहायचं हे त्याला स्वतःला सांगता येत नसेल तर यंदा सिंहगडापर्यंतच जा.