आधी अझोला ओळखा, मग पिशवीला हात घाला

अझोला म्हणजे भाताला खत आणि गायीला खाद्य म्हणून वापरतात ती पाण्यावर तरंगणारी वनस्पती. लावणीचा हंगाम आला की तिच्याबद्दलचे प्रश्न येतातच. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. अझोला वाढवायचा पाण्याचा वाफा कसा खणायचा हे बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

प्रश्न (कुडाळ): भाताच्या खाचरात आपोआप हिरवा थर आला आहे. दुकानदार म्हणतो तण आहे, तणनाशक मारा. मारू का?

मारू नका. काय आहे ते न पाहता काहीही मारू नका. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि थरातली चिमूटभर रोपं त्यात सोडा.

आपल्याकडचा रानटी अझोला म्हणजे अझोला पिनाटा. हा तरंगणारा नेचा (फर्न) आहे. रोप अंगठ्याच्या नखाएवढं असतं आणि वरून पाहिलं तर त्रिकोणी दिसतं. मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात, बुडाकडे लांब आणि शेंड्याकडे आखूड होत जातात. पानं अगदी बारीक, एकमेकांवर चढलेली. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. खालचा पातळ, जवळजवळ रंगहीन, पाण्याला टेकलेला असतो. वरचा जाड आणि हिरवा असतो, त्याच्या आत पोकळी असते. त्या पोकळीत ॲनाबिना नावाचं नीलहरित शेवाळ राहतं आणि तेच हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधतं. अझोल्याची सगळी किंमत त्या पोकळीत आहे. आता पेला डोळ्यासमोर धरून खालून बघा. मुळं सुटी लोंबताना दिसतील आणि त्यांना दोन्ही बाजूंनी केसाएवढी बारीक उपमुळं असतील. हे सगळं जुळलं तर तो अझोला. सांभाळा, फुकट मिळालेलं खत आहे.

मसुरीच्या डाळीएवढी गुळगुळीत, चपटी पानं असतील, फांद्या नसतील आणि प्रत्येकाखाली एकच मूळ लोंबत असेल, तर ती लेम्ना. ती नेचा नाही, फुलणारी वनस्पती आहे. अझोल्यासारखा नत्र तिच्याकडून मिळणार नाही.

खरी फसगत साल्विनियाची होते, कारण तोही तरंगणारा नेचाच. त्याची पानं अझोल्यापेक्षा बरीच मोठी, एक ते चार सेंटिमीटरची. दोन पानं जोडीनं तरंगतात आणि तिसरं पाण्याखाली असतं. ते इतकं चिरलेलं असतं की मुळांचा झुपका वाटतो. तरंगणाऱ्या पानावर बोट फिरवा, खरखरीत केस लागतील. भिंगातून पाहिलंत तर चार-चार केस टोकाशी जुळलेले दिसतात, अगदी ताक घुसळायच्या रवीसारखे. हा मूळचा ब्राझीलचा. केरळात 'आफ्रिकन पायल' नावानं त्यानं भातखाचरं आणि कालवे भरून टाकले होते. शेवटी १९८० च्या दशकात सिर्टोबॅगस नावाचा सोंडकिडा सोडून तो आटोक्यात आणावा लागला. शेतात दिसला तर जाळीनं काढा आणि पाण्यापासून लांब, कोरड्या जागी वाळवा. ओढ्यात टाकू नका. एक तुकडा राहिला तरी पुन्हा पसरतो.

प्रश्न (संगमेश्वर): 'अझोला बियाणे' म्हणून भुकटीचं पाकीट मिळतं. घ्यावं का?

नेच्याला फूल येत नाही, बी धरत नाही. मग बियाणं आलं कुठून? अझोल्याला बीजाणू येतात खरे, पण शेतात तो वाढतो तो तुकडे पडून. वाळलेल्या भुकटीवर वाफा उभा राहील या भरवशावर पैसे घालू नका. ताजा, ओला, हिरवा अझोला अर्धा ते एक किलो मिळवा, वाफ्याला तेवढा पुरतो. शेजाऱ्याच्या चालू वाफ्यातून घ्या, नाहीतर कृषी विज्ञान केंद्रातून किंवा विद्यापीठातून. गटारातून किंवा कारखान्याच्या नाल्यातून उचलू नका. हा नेचा पाण्यातले जड धातू अंगात साठवतो आणि ते सरळ दुधाच्या जनावरापर्यंत जातात.

प्रश्न (भोर): वाफ्यातला अझोला लाल पडला. दुकानातून बुरशीनाशक आणि सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी दिली आहे.

दोन्ही परत करा. लाल पडणं हा बहुतेक वेळा रोग नसतो. कडक ऊन, थंडी किंवा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता, यांतलं एक कारण असतं. रोप उचलून मुळं बघा. रोपं खुरटी, हाताळताना मोडणारी आणि मुळं फाजील लांब असतील तर स्फुरद कमी पडलं आहे. मुळं ठीक असतील तर वर झावळ्यांचा मांडव घाला. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की हा नेचा दमतोच.

स्फुरद द्यायचं म्हणजे किती? दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला दर पाच दिवसांनी २० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो शेण. वीस ग्रॅम! काट्यावर मोजा. 'किलोभर टाका, लवकर वाढेल' हा दुकानातला सल्ला मी किती वाफ्यांत फळलेला पाहिला आहे: आठवड्यात हिरवट शेवाळ माजतं, पाणी वास मारतं आणि अझोला खाली बसतो. युरिया तर वाफ्यात अजिबात नको. ज्याच्या घरातच नत्र तयार होतो त्याला युरिया कशाला? अळीसाठी दाणेदार कीटकनाशकही नको, तो अझोला गाय खाणार आहे. अळी लागली तर वाफा रिकामा करा आणि नव्यानं भरा.

प्रश्न (लांजा): भातात कधी सोडायचा? युरिया बंद केला तर चालेल?

चुकीच्या वेळी सोडलेला अझोला ओढ्याला जातो. बांधावरून पाणी वाहत असताना सोडू नका, दुकानदारानं गाडीत भरून आणून दिला असला तरी. लावणीनंतर सात ते दहा दिवसांनी, पावसाची उघडीप बघून, खाचरात पाच ते दहा सेंटिमीटर पाणी बांधून मगच सोडा. गुंठ्याला पाच ते दहा किलो पुरतो. तणनाशक मारलेल्या खाचरात लगेच सोडू नका, कोवळा अझोला जळतो.

पंधरा-वीस दिवसांत थर भरला की पाणी काढा आणि तो पायानं चिखलात तुडवा. इथेच बरेच जण आळस करतात. नुसता तरंगत ठेवलेला अझोला आपला नत्र आपल्याच अंगात ठेवतो, भाताला तो कुजल्यावरच मिळतो. गुंठ्याला शंभर किलो ताजा अझोला गाडला तर २०० ते ३०० ग्रॅम नत्र मिळतो, म्हणजे साधारण अर्धा किलो युरियाचा. भाताला गुंठ्यामागे किलोभर नत्र लागतो, तेव्हा सुमारे पाव भाग सुटला. युरिया बंद करा असं मी म्हणत नाही. पाव भाग कमी करा. माझा आग्रह एवढाच की दर वर्षी विकत घेण्यापेक्षा आंब्याच्या सावलीत एक वाफा बारमाही चालू ठेवा, लावणीला घरचाच अझोला मिळेल.

प्रश्न (मुळशी): पेंड बंद करून फक्त अझोला घालावा, असं विक्रेता सांगतो.

विक्रेत्याला पेल्यातला अझोला पिळून दाखवा. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. दोन किलो ताज्या अझोल्यात प्रथिनं तीसेक ग्रॅम. किलोभर शेंगदाणा पेंडीत चारशेच्या आसपास. गायीला दिवसाला दीड-दोन किलो, तीन पाण्यांनी धुऊन, शेणाचा वास गेल्यावर, खुराकात मिसळून द्या. हा जोड-आहार आहे. पेंड बंद केलीत तर दूध उतरेल आणि विक्रेता फोन उचलणार नाही.

अनुदानाचं विचारणाऱ्यांसाठी: लक्ष्यांक (किती जणांना द्यायचं तो ठरलेला आकडा) आहे का, ते पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे (विस्तार) विचारा. अर्ज आधी, खरेदी नंतर. दुकानदार 'पावती आत्ता करा, अनुदान मी बघतो' म्हणाला तर पावती करू नका.