निळा स्क्रीन आला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नको

अरे, पीसी मधेच निळा स्क्रीन दाखवून बंद पडतो म्हणून फॉरमॅटची (सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची) घाई नको करू, आधी स्क्रीनवर खाली जो स्टॉप कोड (बिघाडाचं इंग्रजी नाव) येतो ना त्याचा मोबाईलवर फोटो काढ (विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर हाच स्क्रीन काळा दिसतो, गोंधळू नको), आणि पीसी चालतोय तोवर घरचे फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घे, हे सगळ्यात आधी.

कोड मेमरी मॅनेजमेंट (MEMORY_MANAGEMENT) असेल तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे पीसीच्या आतल्या मेमरीच्या पट्टीवर. आपल्या गोव्यात पावसाळ्यात केवढा दमटपणा असतो, त्याने रॅमचा संपर्क बिघडू शकतो, माझ्या फोंड्याच्या घरी दोन पावसाळे हेच झालं. पीसी बंद कर, वायर काढ, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धर, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव आणि मग रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबरने अगदी हलक्या हाताने पूस, कण झाडून टाक, टक्क आवाज येईपर्यंत परत बसव. रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) असतील तर एकेक लावून बघ, खराब कुठली ते कळतं. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक (विंडोजमधलंच रॅम तपासायचं टूल) चालव. तरीही एरर आली तर बहुतेक रॅम बदलावी लागेल.

रॅम ठीक निघाली तर आठव, क्रॅश सुरू व्हायच्या आधी नवीन काय घातलंस? ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक कर, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आण.