पोट्टीला नेव्हल एनसीसीत जायचंय, पण तिचे बाबा पाण्याचं नाव काढू देत नाहीत

"मावशी, आम्ही पवनी तालुक्यातले, धानाची शेती आहे. पोरगी आठवीत, नागपूरला माझ्या भावाकडे राहून शिकते. तिच्या शाळेत नेव्हल एनसीसी आहे आणि तिला त्यात जायचंच आहे, फॉर्मवर सही मागते. पण ह्यांचा चुलत भाऊ गावच्या तलावात बुडून गेला, तेव्हापासून हे तिला तलावाच्या पाळीवरही जाऊ देत नाहीत. सासूबाई म्हणतात, समुद्र कुठं न् आपण कुठं, उन्हात पोट्टी काळी पडंल. दीर म्हणतो एनसीसी सोडा, एजंट ओळखीचा आहे, पुढं पैसे भरून मर्चंट नेव्हीत लावून देईल. पोरगी फोनवर माझ्याशी धड बोलत नाही. काय करू?" – एक आई, भंडारा जिल्हा

बाई, सही कर. पण जवाईबापूंच्या पाठीमागं करू नको, कारण उद्या कॅम्पचं पत्र आलं, फोटो आला, की त्यांना कळणारच आणि मंग भांडण पाण्यावरून नाही तर तुझ्या लपवण्यावरून होईल, आणि त्यात पोरीचं एनसीसी जाईल.

आधी त्यांच्या भीतीचं बोलू. ज्या माणसाचा भाऊ तलावात बुडून गेला त्याला "काही होत नाही हो" असं म्हणू नको, कारण झालंय, त्यांच्या घरातच झालंय. त्यांना दुसरं सांग. भंडारा-गोंदियात गावोगावी मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, आहेत, आता त्यात शेततळी पण आली, आणि शेततळ्याचं प्लास्टिक इतकं गुळगुळीत असतं की आत पडलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तलावात तर गाळ असतो, कमळाचे देठ पायाला गुंडाळतात, आणि एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो तो पण जातो. म्हणजे पोरगी एनसीसीत गेली नाही म्हणून पाण्यापासून लांब राहील असं काही नाही, ती सुट्टीत गावाला येणार, मैत्रिणींसोबत तलावावर जाणार, आणि तिथं ना लाइफ जॅकेट आहे ना कोणी शिट्टी घेऊन उभा आहे. एनसीसीत दोन्ही असायला पाहिजे. तुझ्या घरात पाण्याची भीती आहे म्हणूनच मला वाटतं या पोरीनं हे शिकावं.

आता तिथं नेमकं काय करतात ते तुम्हाला दोघांनाही माहीत नसेल म्हणून सांगते. शाळेतल्या मुलांचं ज्युनिअर डिव्हिजन आणि मुलींचं ज्युनिअर विंग, दोन वर्षांचं असतं, शेवटी ए सर्टिफिकेटची परीक्षा. बराच वेळ तर जमिनीवरच जातो, परेड, ड्रिल, दोन झेंडे हातात घेऊन अक्षरं दाखवायची ते सेमाफोर, जहाजाचे मॉडेल बनवणं, दोराच्या गाठी. पाण्यात बोट पुलिंग म्हणजे वल्हवणं, त्याची व्हेलर नावाची बोट 27 फूट लांब असते न् पाच वल्ही, पाच जणींचे हात एका तालात पडले नाहीत तर ती सरळ जातच नाही. नागपूरला नेव्हल युनिट आहे आणि बोटी अंबाझरी तलावावर चालतात, म्हणजे समुद्राचा प्रश्नच नाही, सासूबाईंना सांग की पोट्टीचा नेहमीचा सराव नागपुरातच होणार आहे.

गाठींवरून आठवलं, बोलाइन म्हणून एक गाठ शिकवतात, तिचा फास आवळत नाही, म्हणून बुडणाऱ्याला ओढायला तोच दोर फेकतात. आणि क्लोव्ह हिच म्हणतात ती खुंट्याला दावं बांधायला पण वापरतात, जवाईबापूंच्या हाताला ती आधीच येत असेल बघ. पोरगी सुट्टीत आली की तिला म्हणा बाबांना गाठी दाखव, बाबा तिला आपल्या दाखवतील. बापलेकीचं बोलणं तिथून सुरू होऊ दे, पाण्याचा विषय मागाहून.

आणि जवाईबापूंना एका शनिवार-रविवारी नागपूरला घेऊन जा. आधी शाळेतल्या एनसीसीच्या सरांना किंवा मॅडमला, त्यांना एएनओ म्हणतात, फोन करून विचार की पालकांना बोट पुलिंग बघू देता का. बघताना त्यांनी स्वतः प्रश्न विचारावे: लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणाला बोटीत बसू देता का, सोबत सेफ्टी बोट असते का, पोहता न येणाऱ्या मुलीचं काय करता, मुलींच्या कॅम्पला बाई इन्स्ट्रक्टर कोण. गोड बोलून टाळलं तर मी स्वतः म्हणेन सही करू नका. नीट उत्तरं मिळाली तर त्या माणसाची अर्धी भीती तिथंच उतरेल, तुझ्या-माझ्या सांगण्यानं ती उतरणार नाही.

पोहणं मात्र आधी. हे मी अट म्हणून सांगते. नागपुरात स्विमिंग पूल आहेत, मामाला सांग क्लास लाव. लाइफ जॅकेट तर घालायचंच, पण पाण्यात पडल्यावर घाबरायचं नाही हे पोहण्यानंच येतं.

सासूबाईंना, आणि लागलं तर जवाईबापूंनाही, दत्तू भोकनळची गोष्ट सांग. नाशिक जिल्ह्यात चांदवडकडचा, दुष्काळी गाव, बापासोबत विहिरी खोदायचा, आर्मीत गेल्यावर वल्हवायला शिकला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये 13 वा आला. आणि तारिणी नावाच्या शिडाच्या बोटीतून 2017-18 मध्ये नेव्हीच्या सहा बायका जगाला चक्कर मारून आल्या, त्यांची कॅप्टन वर्तिका जोशी डोंगरातल्या ऋषिकेशची. काळं पडण्याचं मी काही बोलत नाही, धानाची रोवणी करणाऱ्या घरात त्याची चिंता कशाला.

पैशाचं म्हणशील तर मोठी फी नसते, युनिफॉर्म मिळतो नाहीतर त्याचे पैसे पोरीच्या बँक खात्यात येतात, म्हणून तिच्या नावाचं खातं आणि आधार नीट करून ठेव.

नोकरीच्या आशेनं मात्र पाठवू नको. ए सर्टिफिकेटवर कोणी नोकरी देत नाही. उद्या तिला खरंच नेव्हीत ऑफिसर व्हायचं असेल तर अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स पाहिजे, एनडीए, म्हणजे सैन्यातले ऑफिसर घडवणारी नॅशनल डिफेन्स अकॅडमी, आता मुलींना पण खुली आहे, 2022 ला गेलेल्या पहिल्या बॅचमधल्या 17 मुली 2025 च्या मे मध्ये पास आउट झाल्या. पण ती तेरा वर्षांची आहे बाप्पा, तिला दोन वर्षं बोट वल्हवू दे, आवडलं नाही तर सोडू दे.

आणि दिराला स्पष्ट सांग, एजंटला एक रुपया द्यायचा नाही. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांवरची नोकरी, तिथं ऑफिसर व्हायचा रस्ता बारावीनंतर आयएमयू म्हणजे इंडियन मेरीटाईम युनिव्हर्सिटीच्या सीईटीतून आणि डीजी शिपिंग या सरकारी खात्याची मान्यता असलेल्या कॉलेजातून जातो, नेव्हीच्या एनसीसीशी त्याचा संबंध नाही. आत्ताच पैसे मागतो त्याच्यापासून लांब राहा, अशा लोकांनी किती घरांची शेतं विकायला लावली आहेत.

आज संध्याकाळी पोरीला फोन कर. तिला सांग, मी तुझ्या बाजूनं आहे, बाबांना बोट दाखवायला आणतो, तोवर फॉर्मची शेवटची तारीख विचारून मला सांग.