कोर्टात हातोडा नसतो, मग काय असतं?

प्रश्न: ताई, मी इंदूरच्या लोकमान्यनगरमध्ये दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग घेते, सहावी ते आठवीची मुलं आहेत. मागच्या वेळी कोर्टाचा विषय निघाला तर सगळ्यांना फक्त हातोडा, ऑर्डर ऑर्डर आणि गीतेवर हात एवढंच माहीत. एकाच्या आजोबांनी तर निरोप धाडला की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, मुलांना हे कशाला शिकवता. कुठून सुरुवात करू?

उत्तर: आजोबांचं अगदीच चूक नाही हो, ज्यांनी जमिनीच्या एका तुकड्यापायी वर्षानुवर्षं पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा, केल्यात त्यांना विचारा. पण पायरी चढायची नाही म्हणून आत काय चालतं ते माहीतच असू नये, हे मला पटत नाही.

आधी हातोडा काढून टाका. आपल्या कोर्टात जज हातोडा आपटत नाहीत, तो सिनेमावाल्यांचा. गीतेवर हात ठेवायचंही तसंच, 1969 चा शपथेचा कायदा आहे, त्यात साक्षीदार ईश्वरसाक्ष किंवा नुसतं प्रतिज्ञेवर खरं सांगेन म्हणतो, झालं. आणि बारा वर्षांच्या आतलं मूल असेल, त्याला खरं बोलायचं हे समजतंय पण शपथ म्हणजे काय ते समजत नाहीये, तर शपथेशिवाय त्याची साक्ष घेता येते. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकतात, कारण आपलंही तिथे कोणी ऐकून घेईल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलेलं नसतं.

मग सरळ एक केस लावा, पण खुनाची नको, वर्गातलीच. मी एका वर्गात पाण्याच्या बाटलीची लावली होती. गुलाबी बाटली, झाकण तुटलेलं. फिर्यादी मुलगी रडवेल्या आवाजात बोलली आणि जज केलेल्या पोराने तिथल्या तिथे निकाल दिला, "ह्यानेच तोडली, सॉरी म्हण." मी म्हटलं अरे थांब, त्याचं तर ऐकून घे. मग साक्षीदार आला.

"मी पाहिलं ना, बाटली ह्याच्याच हातात होती."
"तोडताना पाहिलंस?"
"नाही, पण हा नेहमीच तोडतो."

इथे थांबा आणि ह्याच्यावर अर्धा तास घालवा, बाकी सगळं नंतर. हातात होती हे डोळ्याने पाहिलेलं, तोडली हा अंदाज, आणि नेहमीच तोडतो ही तर नुसती बदनामी. खऱ्या फौजदारी केसमध्येही आरोपी आधीपासूनच वाईट चालीचा आहे, एवढ्यावरून ह्या वेळी त्यानेच केलं असं धरता येत नाही. माझ्या केसमध्ये शेवटी काय निघालं तर बाटली आदल्या दिवशीच बसमध्ये पडली होती, आणि ज्याच्यावर आळ आला तो बिचारा झाकण लावून बघत होता. जजसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

हे झालं की एक प्रश्न येणारच, चोराची बाजू वकील का घेतो? बाटलीवाल्या मुलाकडे बोट दाखवा. ह्याच्या बाजूने कोणी बोललं नसतं तर? वकील गुन्ह्याची बाजू घेत नाही, पुरावा नीट तपासला जातोय ना ते बघतो. म्हणून ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने द्यावा असं आपलं संविधान म्हणतं, आणि 1987 च्या विधिक सेवा, म्हणजे कायदेशीर मदतीच्या, कायद्याने बायका आणि मुलांना तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. ह्या मदतीचा 15100 नंबर मुलांच्या वहीत लिहून द्या, आयांनाही उपयोगी पडेल.

जज सरकारचा माणूस असतो का हेही विचारतील, मोठेसुद्धा इथे गोंधळतात. नसतो. आपल्या मुलांना रामशास्त्र्यांची गोष्ट सांगा, ती घरातलीच आहे. 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि पेशवेपदावर बसलेल्या राघोबादादांनाच शास्त्रीबुवांनी दोषी धरलं. पोलीस पकडतात, वकील बोलतात, जज ठरवतो, आणि जजचं चुकलं तर त्याच्यावर वरचं कोर्ट. आपल्या जिल्हा कोर्टावर हायकोर्ट, ज्याचं मुख्य ठिकाण जबलपूर आणि खंडपीठं इंदूर-ग्वाल्हेरला, आणि त्याच्यावर दिल्लीचं सुप्रीम कोर्ट. फळ्यावर शिडी काढा, पुरे.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा, ट्यूशनला स्कूटी नेतो. पोलीस पकडतील म्हटलं तर म्हणतो लहान मुलांना काही करत नाहीत. कायद्याची भीती कशी घालू?

उत्तर: मुलाचं अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं तुमच्यावर येतं! मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर असा गुन्हा झाला की आई-वडील किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आम्हाला माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि तुम्ही तर इथे लिहूनच दिलंत. गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही, हे मात्र त्याला नक्की सांगा, पोलिसापेक्षा ते जास्त लागतं. आणि चावी कपाटात ठेवा, स्कूटी दाराशी चावीसकट उभी असताना भाषण करून काय होणार.

प्रश्न: मुलांना खरं कोर्ट दाखवायला नेता येईल का?

उत्तर: येईल की. सुनावणी साधारण उघड्या कोर्टात चालते, अपवाद आहेत, जसं मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस बंद दाराआड चालतात आणि तसंच हवं. पण वीस मुलं घेऊन कोर्टात थेट जाऊन उभं राहू नका, आधी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाला पत्र द्या, शाळांमध्ये कायद्याची शिबिरं तेच घेतात. जायच्या आधी घरी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचं, म्हणजे संविधानाचे प्रश्न ऐकणाऱ्या जजांचं, थेट प्रक्षेपण दहा मिनिटं दाखवा, 2022 पासून ते सुरू आहे, मुलं कंटाळतील, कंटाळू द्या. आणि इथल्या कोर्टात हिंदी चालते, तेव्हा साक्षीदार म्हणजे गवाह एवढं आधी सांगून ठेवा. बाहेरून नावाचा पुकारा झाला की मुलं फिसकन हसतात, दरवेळी हसतात, तेव्हा शेवटच्या बाकावर बसवा.